चंद्रज्योतीच्या बिया, चार पोरं आणि आमचा पाडवा

माणदेशी_पोरगी

नमस्कार मंडळी. एरवी इथे मी वाचनमात्र असते. पण यंदाच्या दिवाळीत जे झालं ते लिहून काढल्याशिवाय चैन पडत नाहीये.

आम्ही दरवर्षी दिवाळीला सासरी-माहेरी वाटून जातो. यंदा माहेरची पाळी. गाव माण तालुक्यात, सातारा जिल्हा. पाडव्याच्या दुपारी आम्ही बायका ओसरीवर पत्ते खेळत होतो, पुरुष मंडळी झोपलेली आणि पोरं मागच्या बांधावर. माझी लेक नऊ वर्षांची, भाचा सात, शेजारची दोन. चारच्या सुमारास भाचा आला, म्हणाला पोट दुखतंय. फराळ जास्त झाला असेल म्हणून वहिनीने ओवा दिला. पाच मिनिटांत त्याला उलटी झाली. मग लेकीला. मग शेजारून हाक आली की आमच्या दोघांनाही होतंय.

आता गंमत बघा (गंमत कसली!), पुढचा जवळजवळ पाऊण तास आम्ही करंज्यांचं सारण, चिवड्यातले शेंगदाणे आणि वहिनीने दुकानातून आणलेला खवा यांची उलटतपासणी करण्यात घालवला. वहिनी रडकुंडीला आली, सगळा रोख तिच्यावरच. आईने मिठाचं पाणी केलं आणि चौघांना पेला पेला पाजलं, म्हणजे "आत असेल ते बाहेर पडेल". पोरं आणखी ओकली. तोवर जुलाबही सुरू. "घशात आग होतेय" असं लेक म्हणायला लागली तेव्हा मला कळलं की हे फराळाचं दुखणं नव्हे.

शेवटी शेजारच्या धाकट्याने, वय वर्षं पाच, चड्डीच्या खिशातून चार काळ्या बिया काढून दाखवल्या. "आमी काजू खाल्ले."

आईने बी हातात घेतलं आणि मटकन खाली बसली. "अगं बया, ही तर चंद्रज्योत. ह्ये कुनी खातंय व्हय?"

ग्रामीण रुग्णालय चौदा किलोमीटर. भावाने जीप काढली. आईने निघताना पदरात ती फळं बांधून घेतली, आणि तेच सगळ्यात उपयोगी पडलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "काय खाल्लं, आणलंय का?" पदराची गाठ सोडली तशी त्यांनी मान डोलावली. सलाइन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी अकराला चौघंही खाटेवर बसून बिस्किटं मागत होती.

मला खरा सल आहे तो वेगळाच. मी त्याच बांधावर लहानाची मोठी झाले. दहावीपर्यंत रोज त्या कुंपणावरून शाळेत गेले. आजीने मला बजावलेलं होतं. मला ते झाड ठाऊक होतं. आणि माझ्या लेकीला मी पोहणं शिकवलं, अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचं नाही हे शिकवलं, हे मात्र कधी सांगायचं सुचलंच नाही. फ्लॅटमध्ये कुठे लागतं ते?

तुमच्याकडे असं काही घडलंय का? आणि मिठाच्या पाण्याबद्दल डॉक्टर आईवर बरेच चिडले, ते का?

---

गडगा

ताई, पोरं बरी आहेत ना आता? ते आधी सांगा.

आमच्याकडे (तळकोकण) याला मोगली एरंड म्हणतात. वईला लावलेला असतो सगळीकडे. लहानपणी याच्या पानाचा देठ मोडून चीक काढायचा, त्यावर हळूच फुंकर घालून फुगे उडवायचे. साबणाच्या पाण्यासारखे मस्त रंगीत फुगे निघतात. कपड्यावर डाग पडला की मार ठरलेला, तो डाग जन्मात जात नाही. बिया काडीला ओवून पेटवायचोसुद्धा, एकेक बी दिव्यासारखं जळतं. पण तोंडात घालायचं नाही हा नियम होता आणि तो का आहे हे विचारायची पद्धत नव्हती.

---

माणदेशी_पोरगी

@गडगा, ठणठणीत आहेत. लेक म्हणते "चवीला छान होतं पण". हे ऐकून मला घाम फुटला.

---

ओपीडी_नंबर_३

लहान मुलांचा डॉक्टर आहे, तालुक्याच्या ठिकाणी. तुमच्या लेकीने जे सांगितलं तीच या झाडाची सगळी गोम आहे. बाकीची विषारी फळं बहुधा कडू असतात. मूल चावतं, तोंड वाकडं करतं आणि थुंकतं. चंद्रज्योतीचं बी सोललं की आत पांढराशुभ्र गर निघतो, शेंगदाण्या-बदामाच्या अंगाने जाणारा. गोडसर लागतो. म्हणून एकाने खाल्लं की तो दुसऱ्याला बोलावतो. आमच्याकडे या विषबाधेचा पेशंट सहसा एकटा येत नाही, टोळीच येते. चार, सहा, कधी अख्खा वर्ग. पावसाळा संपला की फळं पिवळी होऊन मग काळी पडतात, उकलतात, एकेका फळात साधारण तीन बिया. दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच हंगामात येते.

बियांत दोन गोष्टी आहेत. कर्सिन नावाचं प्रथिन, आणि तेलात असणारे फोर्बोल एस्टर. आतड्याच्या आतल्या नाजूक अस्तराला दोन्ही झोंबतात. म्हणून घशात आग, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. खाल्ल्यापासून तासा-दोन तासांत सुरू होतं. याला उतारा असं औषध नाही. गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायचे, लक्ष ठेवायचं. बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत घरी जातात. धोका असतो तो अगदी लहान मुलांना आणि जास्त बिया पोटात गेलेल्यांना, कारण शरीरातलं पाणी फार झपाट्याने कमी होतं.

आता मिठाचं पाणी. आईंवर रागावू नका, माझी आईही हेच करते. पण कोणतंही विष पोटात गेल्यावर घरी उलटी काढू नये. एक तर मूल गुंगीत असेल तर उलटी श्वासनलिकेत जाते. दुसरं, दाट मिठाचं पाणी उलटून पडलं नाही तर रक्तातलं सोडियम एकदम वाढतं, त्याने मेंदूला इजा होते, लहान मूल दगावूही शकतं. म्हणजे चंद्रज्योतीने जे झालं नसतं ते मिठाने होईल.

---

आजोबा७२

डॉक्टरसाहेब, आपला आदर राखून सांगतो. आम्ही साठ वर्षं खेड्यात काढली. विषबाधा झाली की मीठपाणी, नाहीतर तूप. डॉक्टर होते कुठे तेव्हा? आणि माणसं वाचलीच की.

---

ओपीडी_नंबर_३

काका, जी वाचली ती सांगायला राहिली. जी वाचली नाहीत त्यांची बाजू कोण मांडणार?

तुपाचं म्हणाल तर त्याचा उपयोग शून्य. वर सांगितलं तसं यातलं एक विष तेलात विरघळणारंच आहे. तोंड स्वच्छ धुवा, तोंडात उरलेले कण काढा, मूल शुद्धीवर असेल तर घोटभर पाणी चालेल, कुशीवर निजवा आणि निघा. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास चालतं, १८०० ११६ ११७, फुकट. आम्ही डॉक्टरसुद्धा तिथे फोन करतो, त्यात कमीपणा नाही. आणि माणदेशी ताईंच्या आईंनी केलं ते करा: फळ, पान, बी, जे हाती लागेल ते बरोबर आणा. फांदीच आणलीत तर सोन्याहून पिवळं.

---

आजोबा७२

बरोबर आहे आपलं. मीठपाण्याचं आजच घरी सुनेला सांगतो. तीच जास्त करते. (दिवा घ्या.)

---

डिझेल_लोको

ही चंद्रज्योत एवढी गावोगाव कुठून आली याचा एक अध्याय आमच्याही नावावर आहे, रेल्वेत नोकरी केली म्हणून सांगतो.

झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आफ्रिकेत आणि आपल्याकडे आलं असं मानतात. कुंपणाला बरं म्हणून खेडोपाडी पसरलंच होतं. पण २००३ च्या सुमारास त्याचं नशीब फळफळलं. नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी हेच झाड निवडलं. त्याआधी ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर मार्गावर ५ टक्के बायोडिझेल मिसळून गाडी चालवून झाली होती, आमच्या डेपोत त्याची काय चर्चा! मग रुळांकडेच्या रिकाम्या जमिनी, गायरानं, माळरानं, शाळांची आवारं, जिथे जागा दिसेल तिथे रोपं. "पडीक जमिनीत येतं, पाणी नको, खत नको, गुरं खात नाहीत." २००९ च्या जैवइंधन धोरणात तर २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य होतं.

पडीक जमिनीत झाड येतं हे खरं. बी मात्र येत नाही, म्हणजे परवडेल इतकं येत नाही. त्यालाही पाणी लागतं आणि खतही लागतं, आपल्यासारखंच. योजना विरली. मध्ये २७ ऑगस्ट २०१८ ला डेहराडून ते दिल्ली स्पाइसजेटचं विमान या तेलाच्या मिश्रणावर उडालं, तेवढीच बातमी. डिझेल काही आलं नाही, झुडपं तेवढी राहिली. रोपं वाटली तेव्हा त्यांच्याबरोबर "बी खाऊ नये" अशी एक ओळ वाटली असती तर बरं झालं असतं.

---

खडूफळा

+१ डिझेल_लोको. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, यवतमाळ जिल्ह्यात. आमच्याही शाळेमागे हाच प्रकार. पोरांनी मधल्या सुट्टीत खाल्ले. दुपारच्या खिचडीनंतर तासाभरात उलट्या सुरू झाल्या, म्हणून गावात बोंब झाली की खिचडीतून विषबाधा! स्वयंपाकवाल्या बाईंच्या घरावर लोक गेले. त्या बिचाऱ्या स्वतः तीच खिचडी खाऊन बसलेल्या. एका मुलीने "आम्ही बदाम खाल्ले मागचे" असं कबूल केलं तेव्हा उलगडा झाला. इथे करंज्या, तिथे खिचडी. पहिला संशय स्वयंपाक करणाऱ्या बाईवर, हे मात्र सगळीकडे सारखंच.

तेव्हापासून जून आणि ऑक्टोबर, दोनदा मी पोरांना घेऊन शाळेभोवती फिरतो. पुस्तकातली चित्रं दाखवून काही होत नाही, झाडाजवळ उभं करावं लागतं. चंद्रज्योत, एरंड, धोतरा, गुंज, पिवळी कण्हेर, घाणेरी. पोरं माझ्यापेक्षा हुशार, त्यांना बाकीची वीस झाडं माहीत असतात. एकाने विचारलं, "गुरुजी, बकरी याला तोंड लावत नाही, मग आपण कसं खाल्लं?" मी काय उत्तर देणार!

---

रानभाजीवाली

खडूफळा सर, त्याच्या उलटंही सांगा पोरांना. "पाखरं खातात म्हणजे आपल्याला चालतं" हा समज फार घट्ट आहे. काजऱ्याचं फळ बघा, पिकल्यावर संत्र्यासारखं दिसतं, धनेश त्याचा गर आवडीने खातो. आत बी कशाचं? कुचल्याचं, म्हणजे स्ट्रिक्निन. पाखरू बी फोडत नाही, तसंच टाकून देतं.

नावांचाही घोळ आहे. चंद्रज्योतीला हिंदीत रतनजोत म्हणतात. आणि रोगन जोशला लाल रंग यावा म्हणून घालतात तीही रतनजोतच. ती एका वेगळ्याच झाडाची मुळी आहे, याच्याशी काडीचा संबंध नाही. आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकीने कुंपणाच्या झाडाचा फोटो टाकून "हीच ती मसाल्यातली" असं लिहिलं होतं. मी अक्षरशः फोन करून काढायला लावलं.

---

निवडुंग

मी वाचलंय की मेक्सिकोत या बिया भाजून खातात. मग आपल्याकडेच विषारी कशा? भाजल्यावर विष जात असेल ना?

---

ओपीडी_नंबर_३

नाही! कृपया हे इथून उचलून कुणी पुढे पाठवू नका. मेक्सिकोच्या वेराक्रूझ भागात या झाडाचे काही वाण असे आहेत की ज्यांत फोर्बोल एस्टर जवळजवळ नसतात. ते लोक तेच खातात. आपल्याकडच्या झुडपांत ते असतात आणि ते भाजून जात नाहीत. उष्णतेने फक्त कर्सिन निकामी होतं. बघून दोन्ही वाण ओळखता येत नाहीत.

अवांतर: या झाडाचं शास्त्रीय नाव जट्रोफा. ग्रीकमधल्या वैद्य आणि अन्न या दोन शब्दांपासून आलंय. नाव ठेवणाऱ्याने विनोद केला नसावा, पण झाला खरा.

---

सातासमुद्रापार

धागा वाचून अंगावर काटा आला, कारण आमचंही थोडक्यात चुकलं होतं. फ्लोरिडात राहतो. दोन वर्षांपूर्वी कॅरिबियनला फिरायला गेलो तेव्हा समुद्रकाठी बारकी हिरवट सफरचंदं पडलेली. वास गोड. धाकट्याने उचललं आणि मी आपली कोकणातली सवय, "धुऊन खा रे" म्हणणार, तोच हॉटेलचा माणूस ओरडत धावला. खोडावर लाल पट्टा होता, आम्हाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मँचिनील. पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. १९९९ मध्ये टोबॅगोच्या किनाऱ्यावर एका ब्रिटिश डॉक्टरबाईंनी त्याचा एक घास खाल्ला होता, आणि पुढे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याबद्दल लिहिलं. आधी छान गोड लागलं, मग मिरीसारखं झोंबलं, मग घसा असा आवळला की घोट गिळवेना. बऱ्या झाल्या त्या.

आज डॉक्टरांचं वाचून शोधलं तर मँचिनील आणि चंद्रज्योत एकाच कुळातली निघाली, एरंडाच्या! गोड लागण्याची खोड घराण्यातच दिसते.

---

गडगा

@सातासमुद्रापार, बाप रे. आणि आपण इथे करवंदाच्या चिकाला घाबरतो.

डॉक्टर, गुंजेबद्दल सांगा ना. आमच्या घरी अजून देव्हाऱ्यात डबीभर गुंजा आहेत. आजोबा सोनारकाम करायचे, तराजूतल्या. नात त्याच्याशी खेळते.

---

ओपीडी_नंबर_३

डबी वर ठेवा. आज, आत्ता.

गुंजेचं कवच फार टणक असतं. अख्खी गिळली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर गोष्ट वेगळी. आतलं अ‍ॅब्रिन हे एरंडातल्या रिसिनच्या जातीचं आणि त्याहून जहाल. यात आणि चंद्रज्योतीत फरक असा की चंद्रज्योत लगेच बोंब मारते. गुंज आणि एरंड बरेच तास गप्प बसतात, मूल खेळत असतं, आणि त्रास दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतो. तेव्हा "दोन तास झाले, काही झालं नाही, चला झोपा" असं करू नका.

पिवळी कण्हेर सगळ्यात वाईट. देवळाच्या, बंगल्याच्या आवारात हमखास असते, पोरं तिच्या बियांनी खेळतात. ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर जाते. तिथे ईसीजीची सोय असलेलंच रुग्णालय गाठा, जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून वेळ घालवू नका. धोतरा ओळखायला सोपा: तोंड कोरडं, चेहरा लाल, अंग तापलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, आणि मूल हवेतल्या वस्तू पकडायला जातं. लोक त्याला बाहेरचं झालं समजून भलतीकडे नेतात, त्यात तास जातात.

आणि गडगा, त्या फुग्यांचा चीक डोळ्यात गेला तर चोळायचं नाही. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचा, मग डोळ्यांचा डॉक्टर.

---

गडगा

डबी माळ्यावर गेली. नात रुसून बसलीय, तिला सागरगोटे दिलेत.

---

निवडुंग

मग सरळ फतवा काढून सगळी चंद्रज्योत तोडून टाकायला हवी ना? शाळांच्या आसपास तरी?

---

खडूफळा

शाळेच्या आवारातली काढली आम्ही. पण शेतकऱ्याला कसं सांगणार? गुरं तोंड लावत नाहीत हाच तर त्याचा गुण. फांदी खोचली की जगते, पैसा लागत नाही. तारेचं कुंपण कुणाला परवडतं? आम्ही शाळेला सागरगोटा लावला, काटे असे की डुकरंही शिरत नाहीत. बाजूला करवंद. पोरांना मे महिन्यात खायलाही होतं.

बोर, करवंद, चिंच, आवळा, टेंभुर्णी, चारोळी खाल्लीच पाहिजेत पोरांनी. "रानातलं काही खायचं नाही" असं सांगितलं तर ती चोरून खातील आणि लपवतील. लपवणं जास्त महाग पडतं. माणदेशी ताईंच्या शेजारच्या पोराने खिशातून बी काढून दाखवलं म्हणून बरं.

---

माणदेशी_पोरगी

सगळ्यांचे आभार. सर, तुमचं शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. त्या पाच वर्षांच्या पोराला तिने दुसऱ्या दिवशी बोलावून लाडू दिला, तो का ते त्याला अजून कळलेलं नाही. आणि वहिनीची मी माफी मागितली. तिने करंज्यांचा उरलेला डबा मुद्दाम माझ्याच पिशवीत भरून दिला.

कुंपणावरून घरात दोन तट आहेत. भाऊ म्हणतो सगळं उपटू. आई म्हणते शेजाऱ्यांच्या शेळ्या काय तुझी तारेची जाळी बघून थांबणार आहेत? शेवटी ठरलं ते असं: घरामागचा आणि शाळेच्या वाटेवरचा तुकडा काढायचा आणि तिथे करवंद लावायची. वरच्या बांधावरचं राहील. परवा व्हिडिओ कॉलवर आई लेकीला मोबाइल धरून अख्खा बांध फिरवून आणत होती. प्रत्येक झाडापाशी थांबायचं, "ह्ये काय?" लेकीला अकरापैकी सात आली. मला आठ.

सर, करवंदाची रोपं मिळतात का कुठे, की बी पेरावं?

---

खडूफळा

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा, असतात बऱ्याचदा. नाहीतर मे-जूनमध्ये पिकलेली करवंदं खा आणि बिया धुऊन लगेच पिशव्यांत पेरा. करवंदाचं बी ठेवून चालत नाही, वाळलं की उगवण जाते. वाढ सावकाश आहे. आणि कोवळी असेपर्यंत शेळ्या खातात, तेव्हा पहिली दोन वर्षं बाहेरून काट्याच्या फांद्या लावाव्या लागतील. तोवर ती चंद्रज्योत लगेच उपटू नका. आधी करवंद आतल्या बाजूने धरू दे. हंगामात फळं तेवढी हिरवी असतानाच काढून पुरून टाका.

---

माणदेशी_पोरगी

चालेल. आईला आत्ताच फोन करते.